वाघ्याचे वेळापत्रक

माझ्या धाकट्या भावाच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक वेळापत्रक लावलेले आहे. शाळेतल्या बाईला वेळापत्रकाचे काय अप्रूप! दर जूनमध्ये मी स्वतः ते आखते, आणि कोणाचा तास कोणाच्या तासावर चढला यावरून दर जूनमध्ये दोनचार माणसांशी वाईटपणा घेते. पण हे वेळापत्रक पाहून मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले. सात वार, सात रकाने. सोमवारी दिवसभर भावाचे नाव. मंगळवारी सकाळी भावजयीचे, दुपारी पुन्हा भावाचे. बुधवारी भाऊ. गुरुवारी 'खालच्या आजी'. शुक्रवारी 'ऑफिस'. शनिवार-रविवारी दोघे. मला वाटले, स्वयंपाकाच्या पाळ्या असतील. दोघेही नोकरी करणारी, तेव्हा पोळ्या कोणी लाटायच्या याचा लेखी करार केला असला तरी त्यात नवल नाही. मी तसे विचारलेही. भावजय हसली. म्हणाली, "पोळ्यांचं कसलं वेळापत्रक, ताई! पोळ्या जमतील तेव्हा. हे वाघ्याचं आहे. त्याच्यापाशी कोणी कधी थांबायचं, त्याचं."

वाघ्या म्हणजे त्यांचा कुत्रा. तो माझ्या पायाशी बसून माझ्याकडे टक लावून पाहत होता. मला कोणत्या रकान्यात घालावे, याचाच विचार बहुधा चालला असावा.

ही गोष्ट २०२३ च्या मे महिन्यातली. भाऊ आणि भावजय २०१७ पासून बर्लिनला राहतात. तो संगणकाच्या कंपनीत, ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. त्या उन्हाळ्यात आई त्यांच्याकडे तीन महिने गेली होती; तिकडच्या व्हिसावर एकशे ऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहता येते, आणि आईने त्यांतला एकही वाया घालवला नाही. मी शाळेच्या सुट्टीत तीन आठवडे गेले. परदेशाहून परतलेला माणूस आपल्याकडे बर्फाविषयी, पुलांविषयी आणि संग्रहालयांविषयी लिहितो. मी संग्रहालये दोनच पाहिली. बाकी सारा वेळ मी एका नोकरदार जोडप्याचा संसार पाहिला, आणि तो संसार एका तपकिरी कुत्र्याभोवती फिरत होता.

हा कुत्रा त्यांनी विकत घेतला नव्हता. फाल्केनबेर्ग भागात प्राण्यांचा एक मोठा आश्रम आहे. युरोपातल्या सर्वांत मोठ्या आश्रमांत त्याची गणना होते. तिथून त्यांनी तो २०२१ साली आणला. आणला म्हणजे सहज आणला असे नव्हे. घरमालकाची परवानगी दाखवा, दोघांच्या नोकरीच्या वेळा सांगा, कुत्रा घरात एकटा किती तास राहील ते सांगा, आजारी पडलात तर त्याला कोण फिरवील ते सांगा, अशी चौकशी झाली. भाऊ हे सांगत होता तेव्हा आई म्हणाली, "ताईला दाखवायला नेली तेव्हा मी जावईबापूंना यातलं निम्मंही विचारलं नव्हतं." नंतर मला वाटले, विचारायला हवे होते.

कुत्र्यावर तिकडे कर असतो. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाचे १२० युरो, आणि दुसरा ठेवलात तर त्याचे १८०. कर भरला की गळ्यातल्या पट्ट्याला लावायला बिल्ला मिळतो. कातडीखाली ओळखीची चिप बसवायची, सरकारी नोंदवहीत नाव घालायचे, आणि तो कोणाला चावला, कोणाच्या सायकलीला आडवा गेला, तर भरपाईसाठी विमा उतरवायचा. नाव नोंदवताना त्यांनी 'वाघ्या' असे लावले. जर्मन माणसे डब्ल्यूचा उच्चार 'व' असाच करतात, त्यामुळे पहिले अक्षर तरी बरोबर येते. 'घ्या' मात्र कोणालाच जमत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी त्याला 'वागिया' म्हणत, आणि तो तेवढ्यावर समाधानी होता.

आणखी एक कायदा भावाने मला सांगितला आणि तो माझ्या मनात रुतून बसला. १ जानेवारी २०२२ पासून तिकडे असा नियम आहे की, कुत्र्याला बाहेर मोकळ्यावर पुरेसे फिरवून आणले पाहिजे, आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसाचा सहवास दिवसातून अनेकदा, पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. खाणे-पिणे नव्हे, ते तर आहेच. सहवास! ही गोष्ट कायद्याच्या भाषेत लिहिता येते, हेच मला ठाऊक नव्हते.

त्या दोघांचा दिवस पाहून मी थकून जात असे. सकाळी सहाला एकजण वाघ्याला घेऊन बाहेर पडे. मे महिन्यात त्या वेळी चांगले ऊन असते. पण डिसेंबरात आठ वाजून गेले तरी सूर्य उगवत नाही आणि दुपारी चारच्या आत तो मावळतो, म्हणजे सकाळचे फिरणे अंधारात आणि संध्याकाळचेही अंधारात. दुपारी पुन्हा खाली न्यायचे, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा. मोलकरीण नाही, पोळीवाल्या बाई नाहीत, इस्त्रीवाला नाही. रविवारी बहुतेक दुकाने बंद, म्हणून शनिवारी पाठीवर पोती वाहिल्यासारखी खरेदी. दुकानाबाहेर भिंतीला कडी असते. तिथे वाघ्याला बांधायचे आणि एकाने आत जायचे. रविवारी मोठ्याने काही ठोकायचे नाही, भिंतीला भोक पाडायचे नाही, आणि कुत्र्याने भुंकायचे नाही. ते बिचारे जनावर भुंकायला तोंड उघडी आणि माझा भाऊ, ज्याने लहानपणी चाळ डोक्यावर घेतली होती तो माझा भाऊ, ओठांवर बोट ठेवून त्याला "शूः" करी.

एकदा आम्ही सगळे लोकलने ग्रुनेवाल्डच्या जंगलात गेलो. तिकडच्या लोकलला एस-बान म्हणतात. त्या जंगलात कुत्र्यांना मोकळे सोडायची मुभा आहे. वाघ्याच्या तोंडाला मुसके बांधले होते, आणि तो डब्यात बाकाखाली अंग पसरून निजला होता. शेजारी एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पाय थोडा बाजूला घेतला, इतकेच. लांबच्या गाडीत मोठ्या कुत्र्याचे अर्धे तिकीट काढावे लागते, असे भाऊ सांगत होता. मला सकाळची डोंबिवली आठवली. आमचे हे ठाण्याला, वागळे इस्टेटला जातात. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा आणि ठाणे, एवढासा प्रवास. पण डोंबिवलीला आत शिरायला मिळाले तर ठाण्याला बाहेर पडायला मिळेलच, याचा भरवसा नाही. तिथे पूर्ण तिकीट काढलेल्या माणसाला दोन्ही पाय टेकायला जागा मिळत नाही, आणि इथे अर्ध्या तिकिटाचा हा प्रवासी चारही पाय पसरून घोरतो आहे!

आईचे आणि वाघ्याचे मात्र पहिल्या आठवड्यात अजिबात जमले नाही. मी पोहोचण्यापूर्वीची ही हकीकत, भावजयीकडून ऐकलेली. आईचे सोवळे तसे आता नावापुरतेच. पण देवाची पूजा झाल्यावर कुत्र्याचे नाक पदराला लागले की ती पुन्हा अंघोळीला जाई. तीन दिवसांत गरम पाण्याचा खर्च डोळ्यांत भरला. चौथ्या दिवशी भावजयीने न बोलता फ्रिजवरच्या वेळापत्रकात मंगळवारच्या आणि गुरुवारच्या रकान्यांत 'आई' असे लिहून टाकले. आईने चष्मा लावून ते वाचले. काही बोलली नाही. पण मंगळवारी सकाळी ती भावाचे जाड जाकीट साडीवर चढवून, पायांत भावजयीचे बूट घालून दारात उभी होती. जन्मभर इतरांची वेळापत्रके सांभाळलेली बाई. स्वतःचे नाव कधी एखाद्या रकान्यात आले नव्हते.

राहिला एकच प्रश्न. तिकडे कुत्र्याने रस्त्यावर घाण केली तर ती मालकाने पिशवीत उचलायची असते, नाहीतर दंड. आईने पिशवी हातात घेतली आणि म्हणाली, "कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. पिशवी घेऊन धावले असं कोणी सांगितलेलं नाही." पण उचलली तिने. घरी येऊन अंघोळ केली ती निराळी.

मी पाहिले ते असे : गुरुवारी दुपारी आई आणि खालच्या आजी अंगणातल्या बाकावर बसलेल्या, मधे वाघ्या. आजींना मराठी येत नव्हते आणि आईला जर्मन. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघी वाघ्याशी बोलत होत्या. आजींनी त्याला जर्मनमध्ये काही सांगायचे, मग आईने त्याला मराठीत काही सांगायचे. दोन तास. संध्याकाळी वर आल्यावर आई मला म्हणाली, "त्यांचा मुलगा हांबुर्गला असतो. नाताळातच येतो म्हणे." हे तिला कसे कळले, ते तिने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

नव्वद दिवस संपले. आई परत आली ती माझ्याकडे. चार वर्षांपूर्वी आमची जुनी चाळ पाडली, तेव्हापासून ती आमच्याच घरी असते. आईला ते पूर्ण मानवलेले नाही. लेकीचे घर म्हणजे तिच्या लेखी जावयाचे घर, आणि तिथे मागायचे नसते. ती चहासुद्धा मागत नाही. आमचा होतो आहे असे पाहिले की जवळ येऊन उभी राहते.

२०२४ च्या जानेवारीत आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. भाऊ येणार होता. मग त्याचा फोन आला. भावजयीला नेमकी त्याच पंधरवड्यात जादा पाळी आली होती, खालच्या आजी मुलाकडे गेल्या होत्या, आणि कुत्र्यांच्या वसतिगृहात वाघ्याला मागे एकदा ठेवले तेव्हा त्याने चार दिवस अन्न शिवले नव्हते. "मार्चमध्ये येतो, ताई. ऑपरेशन तर लहानसंच आहे ना?"

मी फार बोलले. धर्मराजाने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला, तू डोंबिवली नाकारलीस, असे म्हणाले. कुत्र्याला चार तास एकटं ठेववत नाही, आणि आईला? असेही म्हणाले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "ताई, इथे आम्हां दोघांशिवाय त्याला कोणी नाही. तिथे आईला तू आहेस, दाजी आहेत, अख्खी बिल्डिंग आहे."

मी फोन ठेवला. ऑपरेशन नीट झाले. मार्चमध्ये भाऊ आलाही, दहा दिवस राहिला. पण आम्ही दोघे एकमेकांशी पाहुण्यांसारखे बोलत होतो. आईला ते कळत होते. तिने दोघांनाही काही विचारले नाही.

'अख्खी बिल्डिंग' हे त्याचे शब्द त्याच्या दृष्टीने खरे होते. त्याच्या मनात अजून जुनी चाळ उभी होती, रामनगरातली. तिथे दारे सकाळी उघडत ती रात्री दहाला मिटत. कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे सांगावे लागत नसे. खोकला गॅलरीभर ऐकू जाई. आमची आई कामावर गेली तर आम्ही दोघे कोणाकडे जेवलो हे संध्याकाळी तीन घरी विचारल्यावर कळायचे. त्या चाळीत कुत्रेही होते. ते कोणाचे नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. आता त्याच जागी सात मजली इमारत आहे. लिफ्ट आहे, कॅमेरे आहेत, आणि प्रत्येक दाराला असे कुलूप आहे की ते आपोआप लागते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. समोरचे नवरा-बायको दोघेही नोकरीवर, शेजारचा ब्लॉक भाड्याने. हे पावणेआठला निघतात. माझी शाळा कल्याणला, दुपारची; मी अकराला बाहेर पडते ती सहाच्या पुढे घरी येते. मुलगी पुण्याला शिकते. म्हणजे अकरा ते सहा, सात तास. हा हिशेब मी भावाला ऐकवला नव्हता. स्वतःलाही ऐकवला नव्हता.

तो मला सोसायटीच्या सेक्रेटरींनी ऐकवला. सप्टेंबरातल्या एका रविवारी ते सकाळी घरी आले. चहा घेतला, हवेविषयी बोलले आणि मग म्हणाले, "बाई, गैरसमज नको, पण आजी रोज दुपारी जिन्यात कुत्र्याला खायला घालतात. रहिवाशांची तक्रार आहे. कॅमेऱ्यात सगळं दिसतं." आमचे हे म्हणाले की, २०२३ च्या नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालायची जागा सोसायटीनेच ठरवून द्यायची असते. सेक्रेटरी म्हणाले, ती जागा तिसरा मजला नव्हे. त्यांचे बरोबर होते. आई आतल्या खोलीत बसून ऐकत होती.

मी त्यांच्या मोबाइलमध्ये ती फिल्म पाहिली. दुपारचे दोन. आमचे दार उघडते. काळा, कानतुटका एक कुत्रा जिना चढून येतो. घाई नाही, ओळखीच्या घरी यावे तसा. आई दारातच पाट मांडून बसते. त्याला पोळीचा तुकडा देते, मग दुसरा. पोळी संपते. कुत्रा जात नाही. तो तिथेच अंग टाकतो. आणि आई बोलू लागते. फिल्मला आवाज नव्हता. आईचे ओठ हलत होते, मधूनच हात हलत होता, एकदा ती हसली. सेक्रेटरींनी कोपऱ्यातले आकडे दाखवले. दोन वाजून दोन मिनिटांनी दार उघडले होते. चार वाजायला दहा मिनिटे असताना मिटले.

आपल्याकडे २००७ चा कायदा आहे, आईबापांना सांभाळण्याचा. मी तो मुद्दाम काढून वाचला. सांभाळणे म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी, असे त्यात लिहिले आहे. यांतले मी आईला काय कमी केले होते? काहीही नाही. कोर्टात उभी राहिले असते तर सुटले असते.

त्या रात्री मी भावाला फोन केला. काय सांगावे ते जुळवून ठेवले होते, पण तोंडातून एवढेच आले, "अरे, तुझ्या फ्रिजवरच्या त्या कागदाचा फोटो पाठव." त्याने का म्हणून विचारले नाही. पाठवला.

आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. मी हेडबाईंशी भांडून मंगळवारचे शेवटचे दोन तास मोकळे करून घेतले. त्या दिवशी चार वाजता घरी. सोमवारी समोरच्या काकूंच्या सासूबाई दुपारच्या इकडे येतील असे ठरले; त्याही घरी एकट्याच असत, आणि एका भिंतीपलीकडे राहून हे मला ठाऊक नव्हते. गुरुवारी गणेशमंदिरात भजन असते, तिथे रिक्षाने नेऊन सोडायचे काम इस्त्रीवाल्याच्या मुलाने घेतले. यांच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी. तो रकाना यांचा. बुधवारी भाऊ घरून काम करतो. आपले अडीच म्हणजे उन्हाळ्यात तिकडचे अकरा. त्या वेळी तो वाघ्याला घेऊन व्हिडिओवर येईल.

कागद फ्रिजवर लावला. सकाळी आई उठली, दूध काढायला गेली आणि तिथेच थबकली. चष्मा शोधून आणला. वरपासून खालपर्यंत वाचला. मी ओट्याशी पाठमोरी उभी राहून कणीक मळत होते. मळून झाली होती तरी मळत होते.

"हे कोणाचं?" आईने विचारले. "कुत्र्याचं की माझं?"

मला काही उत्तर सुचेना. हे आत दाढी करत होते, ते तिथूनच म्हणाले, "आई, ते आमचं आहे. कोणी कधी घरी यायचं त्याचं."

आईने माझ्या पर्समधले पेन मागून घेतले. मागून घेतले, हे मी मुद्दाम लिहिते आहे. गुरुवारच्या रकान्यापुढे 'भजन चारला सुटतं, पाचला नव्हे' असे लिहिले. मग सोमवारपासून शुक्रवारपर्यंत प्रत्येक रकान्यात, दोनच्या समोर, तिने हळूहळू एकच शब्द लिहिला : 'काळ्या'. त्याच्याखाली कंसात 'खाली, गेटापाशी' असे लिहिले. सेक्रेटरींचा मान राखला होता. आणि पेन मला परत देताना म्हणाली, "शुक्रवारी जावईबापू घरी असतील, ते ठीक. पण त्यांना सांग, दोन वाजता मला खाली जायचं असतं. लिफ्ट अडवून ठेवू नका म्हणावं."